गाडी गळाली, लोकल उरली

कल्याण स्टेशनच्या पुलावर सकाळी साडेसातच्या सुमाराला दोन ओळखीची माणसं भेटतात. एक विचारतो, "चोवीसची गेली?" दुसरा म्हणतो, "केव्हाच. आता एकतीसची सेमी आहे. ती सोडली तर स्लोच." दोघंही जिना उतरून फलाटावर जातात. या बोलण्यात 'गाडी' हा शब्द नाही. कुठं जायचं तेही कुणी सांगितलेलं नाही. तास कोणता, हेसुद्धा नाही; साडेसातला सात गृहीतच असतात. मागे उरली आहेत ती इंग्रजीतून आलेली विशेषणं. त्यातलं 'सेमी' तर धड विशेषणही नाही, विशेषणाच्या आधी लावायचा उपसर्ग आहे. तरी ऐकणाऱ्याचं काही अडत नाही.

या लेखाचा विषय अशा शब्दांतला सगळ्यांत थोरला शब्द आहे : लोकल.

लॅटिनमध्ये 'लोकस' म्हणजे जागा. त्यावरून 'लोकॅलिस', आणि त्यावरून इंग्रजीतलं हे विशेषण. अर्थ सरळ : त्या जागेचा, त्या जागेपुरता. मराठीत याला हुडकून काढावा लागेल असा प्रतिशब्द नाही, कारण तो आधीपासून तयार आहे. स्थान या शब्दावरून 'स्थानिक' झालं, अगदी त्याच पद्धतीनं. वर्तमानपत्रांत स्थानिकांचा विरोध असतो, पोलिसांत स्थानिक गुन्हे शाखा असते, निवडणुका स्थानिक स्वराज्य संस्थांच्या होतात. लेखी मराठीत 'स्थानिक'चा संसार सुखाचा चालला आहे. पण आठची स्थानिक चुकली, असं डोंबिवलीत आजवर कुणी म्हटलेलं नाही. संस्कृतातल्या 'लोक' या शब्दाशीही लॅटिन 'लोकस'चं नातं नाही. दोघांचं साम्य योगायोगाचं आहे. मराठी कानाला मात्र लोकल म्हणजे लोकांची, असं वाटत राहतं, आणि सकाळच्या गर्दीत ते चूक आहे असं सांगायला कुणाचा हात वर होत नाही. हात वर करायला जागाच नसते.

शाळेच्या व्याकरणात विशेषण नामाची चाकरी करतं. पण त्याच पुस्तकात पुढे असतं, की विशेषण कधी कधी नामासारखं वापरलं जातं. मोठ्यांचा मान राखावा, गरिबांना छळू नये, आंबट कमी खावं. तिथं माणसं किंवा पदार्थ हे नाम गाळलं तरी कळतं, म्हणून गाळलं जातं. 'लोकल ट्रेन'मधली ट्रेन, म्हणजे गाडी, मराठीनं अशीच गाळली. गंमत पुढची आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नाही, मराठीला त्यावाचून वाक्य पुरं करता येत नाही. मग लोकलला लिंग कुठून द्यायचं? ते गळून गेलेल्या 'गाडी'कडून आलं. लोकल आली, लोकल सुटली, लोकल मिळाली नाही. 'लोकल आला' असं पाच वर्षांचं पोरही म्हणत नाही. शब्द गेला, पण जाताना आपलं स्त्रीलिंग मागे ठेवून गेला.

मेल, एक्स्प्रेस, फास्ट, स्लो या सगळ्यांचं लिंग असंच गाडीकडून आलेलं. सर्वांत मजेचं उदाहरण पॅसेंजरचं. दिव्याहून सावंतवाडीला जायची ती पॅसेंजर स्त्रीलिंगी, आणि डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाला "एकच पॅसेंजर कमी आहे, बसा" म्हणतो तो पॅसेंजर पुल्लिंगी. एकच शब्द गाडीही होतो आणि माणूसही, आणि गणपतीच्या दिवसांत पॅसेंजरमध्ये पॅसेंजर कसे बसतात याचं वर्णन ऐकताना कुणाचाही घोळ होत नाही.

हे सगळं घडायला ठाणे-कल्याणच्या या भागाइतकी योग्य जागा दुसरी नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी पोचली ती ठाण्याला. १ मे १८५४ ला रूळ कल्याणपर्यंत आले. त्या काळी ही गाडी लोकल वगैरे नव्हती. रूळ तिथवरच होते म्हणून ती तिथवर जात होती. कँडी आणि मोल्सवर्थ यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा, म्हणजे पहिल्या गाडीच्या सहा वर्षं आधीचा. आज ठाण्यात 'लोकल' म्हटल्यावर जो अर्थ सगळ्यांत आधी डोक्यात येतो, तो त्या कोशात सापडणं शक्यच नव्हतं. कल्याणपासून रुळांना दोन फाटे फुटले, एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. लांबच्या गाड्या घाट चढून पार देशावर जाऊ लागल्या, तेव्हा कुठं अलीकडे थांबणाऱ्या गाडीला वेगळं नाव लागण्याची वेळ आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत विजेवरची पहिली गाडी कुर्ल्यापर्यंत धावली, आणि इंजिन न बदलता दोन्ही दिशांना जाणाऱ्या या डब्यांनी लोकलला तिचं आजचं रूप दिलं.

रेल्वेच्या कागदांत ती 'उपनगरी गाडी' आहे. फलाटावरच्या मराठी घोषणेतही भाषांतराचा प्रयत्न प्रामाणिक दिसतो : फास्टची जलद होते, स्लोची धीमी होते, नेक्स्ट स्टेशनचं पुढील स्थानक होतं. मग घोषणा 'लोकल'पाशी येते आणि ती तशीच्या तशी म्हणते. जलद लोकल. धीमी लोकल. मेयरला मराठीनं महापौर केलं आणि तो शब्द असा रुजला, की मेयर म्हटलं तरच आता परकं वाटतं. २०१० साली ठाण्यात ८४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, २०१७ साली डोंबिवलीत ९० वं. दोन्ही वेळा मुंबईहून निघालेल्या रसिकांपुढे मराठीच्या काळजीसाठी पोचण्याचा सोयीचा मार्ग एकच होता, आणि त्याला मराठी नाव नव्हतं.

इथं एक फेरफटका बाहेरचा. इंग्लंडमध्ये 'द लोकल' म्हणजे घराजवळचं मद्यगृह. तिथंही विशेषणाचं नाम झालं, पण गळालं ते दुसरंच. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत लोकल म्हणजे प्रत्येक स्टेशनवर थांबणारी आणि एक्स्प्रेस म्हणजे मधली स्टेशनं सोडून जाणारी. तिथल्या प्रवाशाला कुणी 'फास्ट लोकल' म्हटलं तर तो गोंधळेल. त्याच्या लेखी हे 'कोरडं पाणी' म्हणण्यासारखं आहे. ठाणेकराला त्यात वावगं काही वाटत नाही. कारण त्याच्या तोंडी लोकल हे विशेषण राहिलेलंच नाही. ते नाम झालं, म्हणून त्याला पुन्हा नवीन विशेषणं लागली : फास्ट, स्लो, सेमी फास्ट, लेडीज स्पेशल, आणि अलीकडे एसी. डिसेंबर २०२० मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर कल्याणपर्यंत एसी लोकल सुरू झाली, आणि थोड्याच काळात तिचंही 'लोकल' गळालं. "एसीनं आलो," एवढंच पुरतं.

फास्टचंही तेच झालं. निशिकांत कामत यांच्या २००५ सालच्या चित्रपटाचं नाव 'डोंबिवली फास्ट' आहे. नाव दोनच शब्दांचं, एक गाव आणि एक विशेषण. लोकल त्यात नाही, गाडी नाही, आणि ते कशाबद्दल आहे हे पोस्टर वाचणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागलं नाही. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे रोज ज्या गाडीनं जातो, तिचं नाम प्रेक्षकाच्या घरातच होतं.

पण रेल्वेपाशीच थांबलं तर शब्दावर अन्याय होईल. ठाणे जिल्ह्यात लोकल या शब्दाला दुसरेही रस्ते मिळाले, आणि त्यातला एक सरकारी आहे. लॉर्ड रिपननं १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. जिल्हा लोकल बोर्ड आणि तालुका लोकल बोर्ड ही नावं खेड्यापाड्यांत पोचली ती शाळा आणि रस्ते घेऊन. 'लोकल बोर्डाची शाळा' हा शब्दप्रयोग जुन्या पिढीच्या आठवणींत हमखास येतो. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि हे लोकल सरकारी मराठीतून निघून गेलं. पुढं ते आणखी एकदा आलं, यावेळी कर होऊन. जकातीच्या जागी लोकल बॉडी टॅक्स बसवला गेला. ठाण्यात तो एप्रिल २०१३ पासून लागू झाला. कागदोपत्री त्याचं नाव 'स्थानिक संस्था कर' असं सुबोध होतं. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला तो मात्र एलबीटीच्या विरोधात. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली. बहुतेकांच्या वापरात शब्द दोन-अडीच वर्षंच राहिला आणि तेवढ्यात त्याची तीन अक्षरं झाली होती.

टेलिफोनचा किस्सा यापेक्षा चांगला आहे. मुंबईचा ०२२ हा कोड ठाण्यापर्यंत आला आणि तिथं थांबला. कल्याण-डोंबिवलीला ०२५१. त्यामुळे ठाण्याच्या घरातून दादरच्या मावशीला लावलेला फोन लोकल, आणि डोंबिवलीतून लावायचा तर आधी शून्य फिरवायचं. त्याला घरात एसटीडी म्हणत आणि कुणी जास्त बोललं तर घड्याळ दाखवत. दादरला नोकरी करणारा डोंबिवलीकर रोज लोकलनं जाई, पण त्याचा आवाज एसटीडीनं जात असे. एकाच गावापासूनचं अंतर रेल्वेच्या लेखी स्थानिक आणि टेलिफोन खात्याच्या लेखी परगावचं, ही स्थिती बरीच वर्षं टिकली. पिवळ्या पाट्यांच्या बूथवर एसटीडी-आयएसडीच्या जोडीनं लोकललाही मानाची जागा होती. आता बूथ गेले आणि 'लोकल कॉल' हा अर्थही त्यांच्याबरोबर गेला.

दवाखान्यातलं लोकल एका वाक्यात सांगता येतं : दात काढण्याआधी डॉक्टर 'लोकल देतो' म्हणतात, म्हणजे तेवढीच जागा बधिर करतात. शस्त्रक्रियेआधी नातेवाईक विचारतात, "लोकल की जनरल?" स्टेशनवर हाच प्रश्न विचारला तर दोन वेगळ्या गाड्यांची तिकिटं निघतील.

बाजारात शिरलं की शब्दाचा भाव पडतो. मोबाइलचा चार्जर घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "कंपनीचा दाखवू की लोकल चालेल?" इथं लोकलचा जागेशी संबंध उरलेला नाही. माल शेजारच्या गल्लीत बनलेला असो की चीनमध्ये, नाव नसलेला आणि गॅरंटी नसलेला तो लोकल. रिक्षाच्या सुट्या भागांच्या दुकानात ओरिजिनल, लोकल आणि डुप्लिकेट अशी उतरंड असते, आणि लोकल व डुप्लिकेट यांतला फरक समजावताना दुकानदार जे गंभीर तोंड करतो ते पाहण्यासारखं असतं. डुप्लिकेट खोटं बोलतो. लोकल निदान आपण कोण ते कबूल करतो. कल्याणच्या शेजारच्या उल्हासनगरबद्दलचा जुना विनोद याच भावातून जन्मला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर नाव मिळालं, आणि तिथं बनणाऱ्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात, कारण यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असं सांगून दोन पिढ्या हसल्या. विनोदात खरं किती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्यामागचं गिऱ्हाइकाचं मन खरं आहे. पलीकडच्या स्टेशनावर बनलेली वस्तू तशी सांगून विकणं अवघड होतं.

आता याच्या शेजारी मराठीतलं 'गावठी' ठेवून पाहावं. अर्थ जवळजवळ तोच, इथल्या मातीतला. पण चिन्हं उलटी. गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी कोथिंबीर, गावठी तूप : सगळं महाग आणि सगळं चांगलं. ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजीवाली "गावठी हाय, ताई" म्हणते तेव्हा ती भाव सांगण्याची तयारी करत असते. माणूस गावठी म्हटला की मात्र अपमान. लोकलचं बरोबर उलट. माल लोकल म्हणजे हलका, आणि माणूस लोकल म्हणजे वजनदार. "लोकल पोरं आहेत, नादी लागू नकोस," हा सल्ला रिक्षाच्या रांगेत दबक्या आवाजात दिला जातो. "उमेदवार लोकल हवा," ही मागणी प्रत्येक निवडणुकीत होते. हा हिशेब अगदी चोख नाही, हेही सांगितलं पाहिजे. गावठी कट्टा आणि गावठी दारू यांना कुणी चांगलं म्हणत नाही, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर 'एकदम लोकल दिसतोस' हे कौतुक नसतं. पण ढोबळमानानं विभागणी टिकते : कोंबडी गावठी हवी, नगरसेवक लोकल हवा.

तो लोकल माणूस कोण, याचं उत्तर या भागात सोपं नाही. डोंबिवली आणि कल्याणच्या आजूबाजूच्या गावांतले आगरी-कोळी लोक स्वतःला भूमिपुत्र म्हणतात, आणि सोसायटीतले लोक त्यांना 'लोकल' म्हणतात. गिरगाव-परळच्या चाळी सोडून स्वस्त जागेसाठी डोंबिवलीत आलेल्या कुटुंबांची आता तिसरी पिढी इथं शाळेत जाते, तरी ती सहसा स्वतःला लोकल म्हणवून घेत नाही. ती डोंबिवलीकर असते. लोकल हा शब्द तिच्या तोंडी गाडीसाठी किंवा दुसऱ्यांसाठी असतो. ज्यांना लोकल म्हटलं जातं त्यांच्याही गावांचा पत्ता फिरता राहिला. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा २७ गावं तिच्यात आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. भोपर किंवा सोनारपाड्याचा माणूस आपल्या घरातून हलला नाही, त्याची लोकल संस्था तेवढी बदलत राहिली. आणि फ्लॅटच्या जाहिरातीत 'उत्तम लोकॅलिटी' असते, तेव्हा ती लोकलपासून पाच मिनिटांवर आणि लोकल लोकांपासून जरा लांब, असं न लिहिताही वाचणारा समजून घेतो. यात कुणाला राग यावा अशी गोष्ट आहे, आणि तो यायलाही हवा.

या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर आले ते २०२० मध्ये. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून करोनामुळे लोकल बंद झाली. संपांत, पुरांत, दंगलींत लोकल तासभर, दिवसभर थांबल्याचं लोकांनी पाहिलं होतं; आठवडेच्या आठवडे उभी राहिलेली लोकल पाहिली नव्हती. अशा वेळी १२ मे रोजी पंतप्रधानांनी देशाला उद्देशून भाषण केलं आणि त्यातून 'व्होकल फॉर लोकल' ही घोषणा देशभर गेली. तिचा अर्थ देशी वस्तूंचा आग्रह. पण ज्या दिवशी ती कानावर आली त्या दिवशी डोंबिवलीतली माणसं खरोखरच लोकलसाठी बोलत होती : ती कधी सुरू होणार, कुणासाठी होणार. दिल्लीचं लोकल म्हणजे बाजारातला माल, आणि डोंबिवलीचं लोकल म्हणजे यार्डात उभी असलेली रिकामी गाडी. १५ जूनला ती सुरू झाली, तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. 'अत्यावश्यक' हे मराठी विशेषणही त्याच काळात नाम झालं. "तुम्ही अत्यावश्यक का?" असं तिकीट खिडकीवर विचारलं जाऊ लागलं, आणि माणसं ओळखपत्र दाखवून "हो" म्हणू लागली.

कोणतं नाम गळालं, यावरून त्या भागाला काय सारखं सारखं लागतं ते कळतं. जे रोज दहादा उच्चारावं लागतं तेच झिजतं. चिपळुणात किंवा लातुरात कुणी नुसतं 'लोकल' म्हटलं तर ऐकणारा विचारील, लोकल काय? ठाण्यात हा प्रश्न उद्भवत नाही. पुणे-लोणावळा पट्ट्यात उद्भवत नाही, कारण तिथंही लोकल धावते. शब्दाची हद्द रुळांबरोबर सरकते. मूळ अर्थाशी मात्र या रुळांचं आता भांडणच आहे. कर्जत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून साधारण १०० किलोमीटर आणि कसारा १२० च्या घरात. शहापूरच्या डोंगरांत, घाटाच्या पायथ्याशी उभी असलेली ती गाडीही लोकलच. जागेपुरतं असलेलं विशेषण जिल्हा ओलांडून गेलं, तरी त्याचं नाव बदललं नाही.

विशेषणांची ही झीज अजून चालू आहे, आणि ती पाहायची तर ठाणे स्टेशनच्या इंडिकेटरकडे पाहावं. तिथं वेळ असते, शेवटच्या स्टेशनचं नाव असतं, डबे किती तो आकडा असतो. फास्टचं एक अक्षर उरलं आहे : एफ. स्लोचं एस. गाडीच्या कपाळावर कल्याणसाठी के, कसाऱ्यासाठी एन, आणि कर्जतसाठी पुन्हा एस. नवखा माणूस दोन एसांत फसतो आणि स्लो समजून कर्जत फास्टमध्ये चढतो. 'लोकल' हा शब्द त्या इंडिकेटरवर सहसा नसतोच.